सात इंच कमी

आजी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बार्शीच्या चुलतभावानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. आजी आषाढीला 'बार्शी लाईट'नं, म्हणजे आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं जायची, कुर्डुवाडी यायच्या आत अख्ख्या डब्याला शेंगदाण्याचे लाडू वाटून मोकळी व्हायची आणि म्हणायची, 'पंढरपुरात पाय ठिवला की गुडघं दुकायचं थांबतंय बघ.' मी इथं इंग्लंडात, डर्बीत, कामावरच्या जिन्यात बसून ते वाचलं आणि मला रडू आवरेना. तासाभरात पुण्याच्या काकांचं उत्तर आलं. काका निवृत्त मुख्याध्यापक. 'छान लिहिलंस. फक्त – पंढरपूरात. पू दीर्घ.'

आता गंमत अशी, की चूक काकांचीच होती. गावाच्या नावातला पू दीर्घ, हे खरं. पण सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व होतो: पंढरपूर, पण पंढरपुरात. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम उघडून कुणीही बघावं. चुलतभाऊ काही नियम बघून लिहीत नव्हता, जिभेवर आलं तसं त्यानं लिहिलं आणि ते बरोबर निघालं. मी हे ग्रुपवर बोललो नाही. कुणीतरी बोललंच. मग दोन दिवस जुंपली. एका बाजूला 'प्रमाणभाषा गेली तर मराठी गेली', दुसऱ्या बाजूला 'शुद्ध-अशुद्ध हे तुमच्या सदाशिव पेठेचं खूळ'. आजी राहिली बाजूलाच.

हेच भांडण मी दर मंगळवारी संध्याकाळी ऐकतो. फक्त तिथं पू नसतो, रूळ असतात.

आमचा छोट्या रेल्वेगाड्यांचा क्लब चर्चच्या हॉलमध्ये भरतो. दहा-बारा माणसं, बहुतेक साठीपुढची, चहा, बिस्किटं, सोल्डरचा वास. टेबलांवर ब्रिटिश रेल्वेचे देखावे मांडलेले: स्टेशन, कोळशाचं आवार, सिग्नलची केबिन. आणि एक वाद, जो या देशात माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. तो थोडा समजावून सांगायला हवा, कारण त्यात एक वेडेपणा आहे आणि तो मला फार आवडतो.

ब्रिटनमध्ये घराघरांत जी छोटी रेल्वे असते तिला 'डबल-ओ' म्हणतात. तिचं प्रमाण असं, की खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे नमुन्यात चार मिलिमीटर. ७६ पट लहान म्हणा. खऱ्या रुळांतलं अंतर चार फूट साडेआठ इंच. या हिशेबानं छोटे रूळ १८.८३ मिलिमीटर अंतरावर हवेत. प्रत्यक्षात असतात १६.५ मिलिमीटरवर. म्हणजे गाडी चार मिलिमीटरच्या मापाची आणि रूळ साडेतीन मिलिमीटरच्या मापाचे. अंग मोठ्या भावाचं, चपला धाकट्याच्या. उलटा हिशेब केला तर हे रूळ चार फूट दीड इंचाचेच भरतात. सात इंच कमी.

असं का झालं? युरोपात साडेतीन मिलिमीटरचं प्रमाण आलं आणि त्याला १६.५चे रूळ अगदी नेमके बसले. पण ब्रिटननं रेल्वे सगळ्यांच्या आधी बांधली, त्यामुळे तिथले बोगदे आणि पूल अरुंद, आणि त्यातून जायचं म्हणून इंजिनंही अंगानं बारीक. ती साडेतीनच्या मापात उतरवली तर त्या काळच्या मोटरी आत मावेनात, आणि बाहेरच्या दांड्यांना हलायला जागा उरेना. मग इंजिन थोडं फुगवलं आणि रूळ आहेत तेच ठेवले. १९३८ साली खेळण्यातल्या रेल्वेगाड्या करणाऱ्या हॉर्नबीनं 'डब्लो' या नावानं हीच तडजोड बाजारात आणली आणि ती देशभर पसरली. आजही दुकानातून इंजिन आणलं तर त्याच्या अंगावरची इवलीशी अक्षरं भिंगाखाली वाचता येतात, रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी असतो. रूळ मात्र सात इंच कमी.

ज्यांना हे सहन झालं नाही त्यांनी आपापल्या चुली मांडल्या. काहींनी अंतर १८ मिलिमीटर केलं, पुढे त्याचं १८.२ झालं. हे ईएम गेजवाले (गेज म्हणजे रुळांतलं अंतर), १९५५पासून त्यांची रीतसर सोसायटी आहे. साठच्या दशकात आणखी कडवे निघाले: १८.८३, त्याहून कमी नाही, चाकाच्या कडेची जाडीसुद्धा प्रमाणातच. हे पी-फोर. यांचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, बघण्यासारखे असतात. एकेक सांधा हातानं, कानशीनं घासून, आठवडा-आठवडा खपून केलेला. गाडी त्यावरून जाते तेव्हा चाक खडखडत नाही, सरकतं. आणि एक जमात तर अशी आहे, जी १६.५चंही १६.२ करते, म्हणजे मुद्दाम अजून अरुंद, कारण तसं केल्यानं सांध्यातली फट बारीक होते आणि नजरेला सगळं जास्त खरं वाटतं. खरं वाटावं म्हणून खऱ्यापासून आणखी लांब जायचं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी फिरकी घेतायत.

यातून मला एक गोष्ट उमगली आणि ती काकांना लिहायची होती. मराठीत 'प्रमाण' हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो. नकाशाचं प्रमाण, आणि प्रमाणभाषा. त्यामुळे प्रमाण म्हणजे आपोआपच बरोबर, असं आपल्याला वाटायला लागतं. इथं १६.५ चूक आहे हे शेंबडं पोरही जाणतं, तरी प्रमाण तेच. १८.८३ बरोबर आहे यात कुणाला शंका नाही, पण ते प्रमाण नव्हे, तो काही लोकांनी घेतलेला वसा आहे. प्रमाण म्हणजे ठरलेलं. ते कुणी ठरवलं, कधी, कशाच्या अडचणीपायी, हे सांगता येतं. मोटर मावेना म्हणून. आपल्याकडेही १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, १९७२ला आणखी चार नियमांची भर पडून अठरा झाले. त्याआधी 'घरें', 'केलें' न लिहिणारा अडाणी ठरायचा, आज लिहिणारा जुनाट ठरतो. १८चं १८.२ झालं, तसंच हे.

पण दुसऱ्या बाजूच्या भावंडांनाही सांगायचंय, की ठरलेलं नकोच, हे म्हणणं मला पटत नाही. डबल-ओ चूक असूनही जगलं ते सगळ्यांनी तीच चूक केली म्हणून. कुणाचंही इंजिन कुणाच्याही रुळांवर धावतं. माझ्या शेजारचा दहा वर्षांचा पोरगा आपला डबा घेऊन येतो आणि एका म्हाताऱ्याच्या देखाव्यावर सोडतो. २०२२ला हॉर्नबीनं १२० पट लहान, १२ मिलिमीटर रुळांची नवी मालिका काढली. हिचं गणित जवळजवळ तंतोतंत जुळतं. तरी आमच्या क्लबात कुणी कपाटं रिकामी केली नाहीत. बरोबर माप दारात येऊन उभं राहिलं तरी लोक ठरलेल्याला चिकटतात, आणि त्यात काही मूर्खपणा नसतो.

आता कुणी म्हणेल, बघा, विलायतेत माणसं कशी समजूतदार! परदेशातून लिहिणाऱ्या माणसानं शेवटी इथंच यायचं असतं म्हणे. तर तसं नाही. प्रदर्शनात कठड्यावरून वाकून 'हे इंजिन त्या शेडला नव्हतंच कधी' असं सांगणारा एक तरी भेटतोच. रिव्हेट मोजणारे, असं त्यांना इथं हिणवून म्हणतात. फरक आहे तो इतकाच, की जो सगळ्यात कडवा असतो तो बहुधा स्वतःच्या टेबलावर कडवा असतो. आमच्यातला पी-फोरवाला त्या पोराच्या प्लास्टिकच्या रुळांबद्दल कधी अवाक्षर काढत नाही. पोरानं विचारलं तरच कानस हातात देतो. 'माझी रेल्वे आहे' हा इथला पहिला नियम, आणि तो त्यालाही मान्य आहे.

तरीही हे उदाहरण फार ताणू नये. रुळांतल्या सव्वादोन मिलिमीटरांवर कुणाची नोकरी अडत नाही. आमच्या बार्शीच्या पोरानं पुण्यात मुलाखतीत 'पानी' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी अंगावर घेतलंय. रुळांबाबत इतके उदार असणारे हेच इंग्रज उच्चारांबाबत तसे नसतात, हेही सांगून टाकतो. डर्बीत दुकानदार 'अय् अप्, मी डक' म्हणून स्वागत करतो. त्याच शहरात वाढलेला आमचा साहेब लंडनच्या लोकांसमोर ते शब्द गिळतो. म्हणजे पेठा इथंही आहेत.

आणि मीही धुतल्या तांदळाचा नाही. माझी लेक 'गाडी आला' म्हणाली की मी टोकतो. आमच्या इथल्या मराठी मंडळात तर गणपतीच्या नाटकातली मराठी अशी, की ती बार्शीत सोडाच, आजच्या पुण्यातही कुणी बोलत नाही. गाव सोडतो त्या दिवशी माणसाचं घड्याळ बंद पडतं. ऑक्सफर्डशरमध्ये लाँग विटनम या खेड्यात पेंडन नावाचं संग्रहालय आहे, ते बघून मला हे जास्त कळलं. १९३०च्या आसपासचं इंग्लंडचं एक खोरं तिथं चार मिलिमीटरच्या प्रमाणात उभं केलंय, एकेक विटेचा, एकेक गवती छपराचा माग काढून. रूळ १८ मिलिमीटरचे. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो रॉय इंग्लंड, आडनावानं इंग्लंड असला तरी आलेला ऑस्ट्रेलियातून, १९२५ साली. तिथल्या माणसांच्या डोळ्यांदेखत खेडी बदलत होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मोजपट्टी घेऊन धावला तो परका. मी तिथं दोन तास उभा होतो, आणि निम्मा वेळ आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीबाई डोळ्यांसमोर येत होत्या.

माझ्या स्वतःच्या देखाव्याचं सांगायचं तर तो इंग्लंडचा नाही. डर्बीहून गाडीनं तासाभराच्या आत स्टॅफर्डशरमध्ये मॅनिफोल्ड नदीचं खोरं लागतं. तिथं १९०४ ते १९३४ एक छोटी रेल्वे चालली, आज तिच्या वाटेवरून लोक सायकली चालवतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या इंजिनाचा फोटो पाहून मी थबकलो. अडीच फुटांचं गेज, पुढे भला थोरला दिवा, अंगकाठी थेट आपल्याकडची. मग कळलं: तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. याच माणसानं १८९७ साली बार्शी लाईट उभी केली होती. पुढे १९०६ला ती पंढरपूरला पोचली, १९११ला लातूरला. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. आधी आमच्या माळरानावर वापरला, मग इंग्लंडात आणला. इंजिनं दोन्हीकडची लीड्सच्या किटसन कारखान्याची. (नंतर हा गृहस्थ विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्यांमागे लागला. आमच्या बार्शीत कुणाला पत्ता नाही.) एकूण काय, इंग्लंडच्या एका खोऱ्यात आमच्या आजीच्या गाडीची धाकटी बहीण धावत होती.

तेव्हापासून मी बार्शी लाईटचा एक तुकडा करतोय, चार मिलिमीटरच्या प्रमाणात. अडीच फूट म्हणजे दहा मिलिमीटर. पण बाजारात तयार मिळतात ते नऊचे रूळ, आणि मला मुलगी आहे, नोकरी आहे. मी नऊचे घेतले. माझी बार्शी लाईट तीन इंच कमी आहे.

डब्यांना रंग द्यायची वेळ आली तेव्हा अडलो. ग्रुपवर विचारलं, आजीच्या डब्याचा रंग कोणता होता? भांडणानंतर ग्रुपवर सामसूम होती, त्या संध्याकाळी सगळे बोलले. तांबडा. लाल म्हणजे गुलालासारखा. चाकलेटी. 'हिरवा व्हता, मी खिडकीत बसलेलो.' शुद्धलेखनाच्या नावानं आनंद होता आणि काकांनी एकालाही टोकलं नाही. रात्री उशिरा त्यांचा एकच शब्द आला. 'विटकरी.' पाठोपाठ दुसरा. 'नक्की.' काका लहानपणी आजीबरोबर वारीला जायचे, हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी विटकरी डबा क्लबात नेला. पी-फोरवाल्यानं चष्मा वर करून तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, रंगाला आधार काय? म्हटलं, माझे काका. त्याला ते चाललं. मग त्यानं डबा उताणा केला, चाकांवर पट्टी धरली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, माहितीये, एक मिलिमीटर.