आमचे मेहनती गाइड

परवा रात्री बोरिवलीच्या एका काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. फोटोत वीसबावीस माणसं दात काढून उभी आहेत आणि कडेला छत्री वर धरलेला मी. खाली मजकूर: 'योकोहामा येथील आमचे गाइड. मराठी माणूस. अतिशय मेहनती.' पाठोपाठ दुसरा मेसेज: 'डिसेंबरात व्हिएतनाम निघतंय का? सहा जण. रेट कळवा.'

मराठी माणूस हे मान्य. मेहनतीबद्दल बायकोचं मत विचारू नका, तिने तो शब्द दोनदा वाचला आणि हसत आत गेली. पण मी गाइड नाही हो! मी मुलुंडचा एक पगारदार माणूस. बायको आणि दोन पोरांना घेऊन, स्वतःचे साठवलेले पैसे घालून जपानला गेलो होतो. त्या दिवशी गळ्यात ट्रेनच्या कार्डाचं पाकीट होतं आणि पोरं गर्दीत हरवू नयेत म्हणून मी छत्री वर धरली होती. गाइड असल्याचा एवढाच काय तो पुरावा.

योकोहामाला कप नूडल्सचं म्युझियम आहे. टोकियोतल्या शिबुयाहून ट्रेनने मिनातोमिराई स्टेशन, तिथून थोडं चालत. २०११ साली उघडलं. मोठ्यांना ५०० येन तिकीट, शाळकरी पोरांना फुकट, त्यामुळे धाकट्याने हट्ट धरल्यावर मी फार ताणलं नाही. मोमोफुकु आंडो नावाच्या गृहस्थाने १९५८ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, घरामागच्या शेडमध्ये खटपट करून झटपट नूडल्स शोधून काढल्या. त्या शेडची हुबेहूब प्रतिकृती तिथे उभी केली आहे. त्याची बायको तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, तळत होती ते बघून म्हणे त्याला सुचलं, की शेवया तळल्या तर त्यातलं पाणी उडून जातं, भोकं पडतात, आणि पुढे गरम पाणी घातलं की ते त्याच भोकांतून आत शिरतं. मीही इतकी वर्षं बायकोला भजी तळताना बघतोय. बशी पुढे करण्यापलीकडे मला काही सुचलेलं नाही.

तर या म्युझियमची खरी करामत अशी, की तिथे तुम्ही पैसे भरता आणि वर कामही तुम्हीच करता. रिकामा कप मशीनमध्ये पैसे टाकून विकत घ्यायचा. टेबलावर बसून स्केचपेनने तो आपणच रंगवायचा. मग काउंटरवर जाऊन हँडल फिरवायचं, म्हणजे नूडल्सच्या गोळ्यावर पालथा पडलेला कप सुलटा होतो. चार सुपांतलं एक निवडायचं, वर घालायच्या बारा जिनसांतल्या चार. एकच जिन्नस चारदा घेतली तरी चालते, म्हणून एकूण ५,४६० प्रकार होतात असं ते अभिमानाने सांगतात. शेवटी कप हवेच्या पिशवीत घालून पंपाने हवासुद्धा आपणच भरायची. लहान मुलांसाठी तर वेगळा विभाग आहे, तिथे पोरं स्वतःच नूडल होतात. मळून, लाटून, तळून, कपात भरून गाडीतून रवाना होईपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी उड्या मारत करायचा. आमचा धाकटा तिथे नूडल झाला आणि परत माणसांत यायला तयार होईना. बायको त्याला आणायला गेली. मोठी कपावर मांजर काढत बसली. मी माझा कप घेऊन रांगेत उभा राहिलो, छत्री वर. बायकोला लांबून दिसावं म्हणून.

"मराठी का?"

मी हो म्हणालो. त्या 'हो'नंतर पाऊण तास मी माझा नव्हतो.

काका पांढऱ्या टोपीत. काकू मागे, पंजाबी ड्रेस, पायात कोरे करकरीत बूट, पर्समधून राजगिऱ्याच्या लाडवाचा कोपरा डोकावतोय. काउंटरपलीकडे एक जपानी मुलगी, कमरेत वाकून वाकून तिची कंबर दुखत असणार.

"अहो, जरा हिला विचारा, या सुपात चिकन आहे का?"

"मला जपानी येत नाही हो."

"मग इंग्रजीत विचारा."

"तिला इंग्रजी येत नाहीये."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय!"

याला काय उत्तर द्यायचं? मी फोनचा कॅमेरा फलकावर धरला. डुक्कर आणि कोंबडी, दोघंही हजर. तसं सांगितलं.

"बघा!" काकू काकांना म्हणाल्या, जणू डुक्कर त्यांनीच सोडलं होतं. "मला वाटलंच. त्यात आज माझी संकष्टी. सूप नकोच म्हणावं. नुसत्या शेवया द्या."

"सूप नाही घेतलं तर पैसे किती कमी होतात विचारा," काका.

मी खुणेने सूप नको म्हणालो. ती मुलगी घाबरली. तिने चार सुपांकडे बोट दाखवलं, माझ्याकडे बघितलं आणि वाकली. मीही वाकलो. ती पुन्हा वाकली. काका म्हणाले, "काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही."

"एवढं वाकून?"

काकूंनी तोवर बारा जिनसांची पाहणी केली होती. "हे वरचं सगळं त्याच पैशात का?"

"चार घेता येतात."

"मग चार घ्याच. सोडायचं कशाला? पण ते अंडं आणि कोळंबी माझ्यासमोर नको. मी डोळे मिटते, तुम्ही घाला."

आणि खरंच, त्या भर गर्दीत त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मागच्या रांगेतल्या जपानी कुटुंबाला काहीतरी विधी चाललाय असं वाटलं असावं. त्यांनी आपल्या मुलाला गप्प केलं.

"काकू, पण खाणार कोण हे?"

"नातू. मुंबईला नेणार ना आम्ही."

"तो खातो का अंडं?"

"तो?" काकूंनी एक डोळा उघडला. "तो सगळं खातो. सून बाहेरून मागवते, मला काय कळत नाही?"

मग हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तसं विचारत नाहीत. अखेर करीचं सूप ठरलं ("करी म्हणजे आपलीच की, त्यात काय असणार?") आणि मका, चारदा. मी कपाळाला हात लावायला गेलो तर हातात छत्री. त्यावर काकूंचा शेवटचा प्रश्न: "आणि इथे चंद्रोदय कितीला?"

इथे मात्र काकांनी तात्त्विक मुद्दा काढला. इथला चंद्र धरायचा की मुंबईचा? उपास सोडणारी इथे, पण देवघर बोरिवलीत. मुंबईचा धरला तर जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे मध्यरात्र उलटून जाणार. त्यावर त्यांच्या ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. होय, ग्रुप. मला कळलंच नाही केव्हा माझ्यामागे अख्खी रांग लागली. बाथरूम कुठंय, वायफायचा पासवर्ड काय, जेवायला भारतीय हॉटेल आहे ना, हा कप विमानात हातात नेऊ देतात का. एका आजोबांनी त्यांचं जॅकेट माझ्या हातावर टाकलं आणि निघून गेले.

हे मला नवीन नाही. मी कुठेही उभा राहिलो की त्या जागेचा नोकर दिसतो. दादरच्या साडीच्या दुकानात बायकोची वाट बघत टेकलो, तर एक बाई म्हणाल्या, "भाऊ, तो वरचा जांभळा काढा." बँकेत गेलो की चार जणांच्या स्लिपा भरून बाहेर पडतो. ठाण्याच्या पुलावर मला विचारल्याशिवाय लोक कसारा लोकल पकडत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये, नवीन कोट घातलेला असताना, एकाने रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. मुंबईत एक वेळ समजू शकतो, इथे सगळेच घाईत असतात, समोर दिसेल त्याला विचारतात. पण त्यासाठी सहा हजारांवर किलोमीटर विमानाने जायचं? आणि दर वेळी मीच का? माझ्या शेजारीच एक चांगला सूटबूटवाला माणूस उभा असतो, त्याला कुणी वरचा जांभळा काढायला सांगत नाही. लोक कपडे बघत नाहीत, हा नाही म्हणणार नाही एवढंच ओळखतात. नाही म्हणणाऱ्याला सुट्टी मिळते, बाकीच्यांना ओव्हरटाइम.

यांचा खरा गाइड कुठे होता? होता. कोपऱ्यातल्या बाकावर, फोन चार्जिंगला लावून. पंचविशीतला पोरगा, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी गेलो तर उठून उभा राहिला. "सर, थँक्यू हां. सकाळपासून चंद्रोदय चंद्रोदय चाललंय. म्हटलं तुम्ही बघताय तर जरा बसतो." त्याच्यावर चिडावं की नाही तेही ठरवता आलं नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. पण त्याला त्याचा पगार तरी मिळत होता.

तोवर माझा नंबर केव्हाच गेला होता. बायकोने मधल्या वेळात माझा कप पोरांच्या हवाली केला होता. सूप चिली टोमॅटो, आणि वर पिल्लाचं तोंड असलेली माशाची चकती, चारदा. माझ्या कपावर मांजर.

निघताना ग्रुप फोटो झाला. काकांनी "नंबर द्या, पाठवतो" म्हणून माझा नंबर घेतला. मग मला बाजूला नेलं, इकडेतिकडे बघितलं, आणि भटजींच्या हातावर दक्षिणा ठेवतात तसं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली.

"नाही म्हणू नका. पोरांना खाऊ घ्या."

१०० येनचं नाणं. जपानमध्ये टिप देत नाहीत. हॉटेलात टेबलावर सुटे ठेवून निघालात तर वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो, तुमचे पैसे राहिले म्हणून. त्या देशात टिप मिळवलेला मी.

"अहो काका, मी गाइड नाही."

"तेच तर," काका माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "वाटतच नाही. अगदी घरचे वाटता."

स्टेशनवर खेळण्यांची मशीनं ओळीने उभी होती, नाणी टाकून दांडा फिरवला की प्लास्टिकचा गोळा पडतो, तसली. बायको हसू दाबत ही हकिगत पोरांना रंगवून सांगत होती. मोठीने माझ्या मुठीतून नाणं काढलं आणि मशीनपाशी पळाली. तिथून ओरडली, "बाबा, तीनशे लागतात!"

म्हणजे ती टिप मला दोनशे येनला पडली. आणि धाकट्याला वेगळा गोळा हवा होता.