मुलांसाठी मोठी एसयूव्हीच हवी? हा हिशेब जुळत नाही

‘घरात मुलं असतील तर डोळे झाकून मोठी एसयूव्ही घ्या. जड म्हणून सुरक्षित, उंच म्हणून सगळं दिसतं, जागा भरपूर आणि फोर व्हील ड्राइव्हमुळे कुठेच अडत नाही. मिनीव्हॅन म्हणजे नुसता डबा.’ (मिनीव्हॅन म्हणजे खालच्या फरशीची, सरकत्या दारांची, तीन रांगांची घरगुती गाडी.) हे इतक्या जणांनी इतक्यांदा पुढे पाठवलंय की गाडी घ्यायला निघालेल्या घरात त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. मी विचारला, कारण मागच्या सीटवर बसणारी माझी माणसं आहेत. यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

सर्वात आधी ‘उंच म्हणून सगळं दिसतं’ हा मुद्दा घेते. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. उंचावरून लांबचं दिसतं, हे खरं. पण मूल लांब नसतं, ते बॉनेटला टेकून उभं असतं. एका मोठ्या एसयूव्हीच्या स्टिअरिंगमागे मी बसले होते, गाडी बंद, किल्ली खिशात. चार वर्षांच्या लेकीला बंपरला पाठ लावून उभं केलं, तर ती दिसेचना. दोन पावलं पुढे गेल्यावर तिचा लाल हेअरबँड दिसला. मग तिला म्हटलं, ‘आता खाली बस, चेंडू उचलतेस तशी.’ ती बसली आणि पुन्हा गायब. बसल्या बसल्या पुढे सरकत ती दोन मीटरच्या पलीकडे गेली, तेव्हा कुठे तो हेअरबँड परत दिसला.

यात विशेष काही नाही, साधी भूमिती आहे. चालकाचे डोळे जमिनीपासून 165 सेंमीवर, बॉनेटची पुढची कड 115 सेंमीवर आणि डोळ्यांपासून 2 मीटर पुढे, असं धरा. उकिडवं बसलेलं 60 सेंमी उंचीचं मूल त्या कडेपासून साधारण 2.2 मीटरपर्यंत दिसणारच नाही. मिनीव्हॅनचं बॉनेट खाली उतरतं. तिथे डोळे 150 सेंमीवर आणि 1.9 मीटर पुढची कड 95 सेंमीवर धरली, तर हेच अंतर सव्वा मीटरच्या आत येतं. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील, टेप घेऊन मोजा.

दुसऱ्याच्या मुलाचाही विचार करायला हवा. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची पुढची कड 40 इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त आढळली. कारण उघड आहे. खालचं बॉनेट पायांना लागतं, उंच बॉनेट मोठ्या माणसाच्या छातीला आणि मुलाच्या डोक्याला.

‘जड म्हणून सुरक्षित’ यात तथ्य नाही असं नाही. लहान हलकी गाडी आणि अवजड गाडी समोरासमोर धडकली, तर जडवाल्याला झटका कमी बसतो. पण मिनीव्हॅन काही हलकी नसते, टोयोटा सिएना दोन टनांच्या आसपास आहे. आणि झाडावर किंवा पुलाच्या खांबावर गाडी आदळली, तर तुमचं वजन तुमच्या मदतीला येत नाही, उलट जिरवायची ऊर्जा वाढते. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. चाकांमधल्या रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा जितका लहान तितकी गाडी कलंडायला सोपी. हेही सांगायला हवं, की इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, आल्यापासून एसयूव्ही कलंडण्याचं प्रमाण बरंच घटलं, आजच्या एसयूव्हीला जुन्या एसयूव्हीच्या पापाची शिक्षा देऊ नये. पण त्या यंत्रणेने गुरुत्वमध्य खाली येत नाही.

मिनीव्हॅनचीही बाजू लंगडी पडते ती मागच्या सीटवर. त्याच आयआयएचएसने मागे डमी बसवून घेतलेल्या नव्या चाचणीत 2023 मध्ये चार मिनीव्हॅन तपासल्या आणि एकीलाही ‘चांगला’ किंवा ‘स्वीकारार्ह’ शेरा मिळाला नाही. म्हणून कुठलीही गाडी घ्या, पुढच्या सीटला सुरक्षा चाचणीत मिळालेल्या ताऱ्यांवर खूश होऊ नका, मागच्या सीटचा निकाल वेगळा शोधून वाचा.

जागेचं म्हणाल, तर इथे दावा साफ आडवा होतो. सिएनाची लांबी सुमारे 5.17 मीटर, शेवरोले टाहो या मोठ्या एसयूव्हीची सुमारे 5.35 मीटर. तरी तिसरी रांग उभी असताना सिएनाच्या डिकीत सुमारे 949 लिटर सामान मावतं, टाहोत 722. किया कार्निव्हल या मिनीव्हॅनमध्ये तर 1,138. टाहोच्या 2021 पूर्वीच्या पिढीत हा आकडा जेमतेम 433 होता. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आक्सल (दांडा) वर-खाली हलायला जागा लागायची, म्हणून फरशीच उंच ठेवावी लागे. प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं स्वतंत्र सस्पेन्शन आल्यावर फरशी खाली गेली आणि जागा वाढली. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मिनीव्हॅनला ही अडचण पहिल्यापासूनच नव्हती. क्रायस्लरच्या मिनीव्हॅन 1983 च्या अखेरीस बनू लागल्या, त्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या कारच्या सुट्या भागांवर बेतलेल्या होत्या. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट नाही, त्यामुळे फरशी खाली, सपाट, आणि पुढे आलेल्या मिनीव्हॅनमध्ये शेवटच्या सीटमागे खोल खड्डाही. त्या खड्ड्यात सामान उभं राहतं, नाहीतर सीटच दुमडून आत जाते.

खालच्या फरशीची किंमत गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा. आमच्या सासूबाई एसयूव्हीत चढताना एका हाताने दाराची कड धरायच्या, दुसऱ्याने माझा खांदा. मिनीव्हॅनमध्ये त्या पाठ फिरवून बसतात आणि पाय आत घेतात, झालं. व्हीलचेअरसाठी बदलून घेतलेल्या गाड्यांमध्ये मिनीव्हॅन इतक्या दिसतात, त्याचंही कारण हेच.

आणि सरकते दरवाजे! पार्किंगमध्ये शेजारची गाडी हातभर अंतरावर, झोपलेलं मूल खांद्यावर, दुसरं बोट धरून उभं. बाहेर उघडणारं दार पोटाने अडवून, अंग चोरून मुलाला सीटमध्ये घालणं किती जिकिरीचं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सरकतं दार शेजारच्या गाडीला लागत नाही आणि मुलाने धाडकन ढकललं म्हणून कुणाचा पत्राही चेपत नाही.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल थोडक्यात. निसरड्यावरून गाडी निघायला आणि चढ चढायला त्याची मदत होते, थांबायला होत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि पकड टायरची असते. बर्फात चांगले हिवाळी टायर जास्त उपयोगी. शिवाय सिएना चारही चाकांवर चालणारी मिळते, मागच्या चाकांना वेगळी इलेक्ट्रिक मोटर आहे.

खरोखर दगडधोंड्यांची वाट रोजची असेल, किंवा मागे मोठा ट्रेलर ओढायचा असेल, तर मात्र एसयूव्हीच घ्या. सिएना दीड टनाच्या थोडंसं वर ओढते, टाहो त्याच्या दुपटीहून जास्त.

बाकीच्यांनी गाडी बघायला जाताना घरची चाइल्ड सीट आणि बाबागाडी सोबत न्या. सीट दुसऱ्या रांगेत स्वतः बसवा आणि ती न काढता तिसऱ्या रांगेत जाऊन दाखवा. तिथे पाच मिनिटं बसा, गुडघे हनुवटीकडे येतात का बघा. मग बाबागाडी डिकीत ठेवा, तिन्ही रांगा उभ्या ठेवून.