ग्लुकोजचं पाणी आणि फिट : एका फॉरवर्डला उत्तर

खानापूरपासून निपाणीपर्यंत पसरलेल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून फिरून येतोय. थोडक्यात असा : ‘मुलांना फिट येते कारण मेंदूला साखर कमी पडते. सकाळी उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजा, गोळ्या सुटतील. पाठीतलं पाणी काढू देऊ नका, पाय लुळे पडतात. हा आईच्या माहेरचा दोष.’

मेंदूला साखर कमी पडण्याचा आजार खरंच आहे. पण तो दुर्मीळ. फिट येणाऱ्या बहुतेक मुलांना तो नसतो. १९९१ साली अमेरिकेत डॉ. डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी दोन बाळांवरून त्याची नोंद केली. रक्तात साखर ठीक, मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र फारच कमी. रक्तातलं ग्लुकोज मेंदूत नेणारं ‘ग्लुट-१’ प्रथिन यात अपुरं पडतं.

म्हणजे माल भरपूर, गेट अरुंद. हंगामात चिकोडी-अथणीकडे कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्या खोळंबतात, तसं. आणखी दहा ट्रॉल्या आणल्या म्हणून गाळप वाढत नाही.

मग ग्लुकोज पाजल्यावर पोर तरतरीत झालं, ते खोटं? नाही. मेसेजवर विश्वास बसतो तो इथेच. या आजारातल्या काही मुलांना उपाशीपोटी त्रास वाढतो आणि खाल्ल्यावर तो थोडा वेळ कमी होतो. रक्तात साखर चढली की थोडी जास्त आत ढकलली जाते, उतरली की मूल पुन्हा तिथेच.

आणि उपचार नेमका उलटा आहे. कीटोजेनिक आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर, भात-भाकरी-साखर अगदी मोजून. यकृत चरबीपासून कीटोन बनवतं, ते वेगळ्या दाराने मेंदूत शिरतात आणि साखरेऐवजी इंधन म्हणून चालतात. फिटसाठी हा आहार १९२१ पासून माहीत आहे. बऱ्याचदा चार भाग स्निग्ध, तर प्रथिनं-कर्बोदकं मिळून एकच भाग, तेही काट्यावर तोलून. कुंद्याचा तुकडा सोडाच, गोड सिरपनेही हिशेब बिघडतो. (हे वाचून घरी वाटीभर तूप सुरू करू नका. मुतखडा होऊ शकतो, आणि चरबी वापरता न येणारा जन्मजात आजार असेल तर हाच आहार जिवावर बेततो.)

पाठीतलं पाणी म्हणजे मेंदूभोवतीचंच पाणी, तपासणीसाठी ते कमरेतून काढतात. त्याची भीती आमच्याकडे जुनी आहे. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली जाते. डोकं दुखू शकतं. पाय लुळे पडणं ही नेहमीची गोष्ट नव्हे. काही तास उपाशी ठेवून आधी रक्त, मग पाणी घेतात. त्या पाण्यात साखर एरवी रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. या आजारात बहुधा दर १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्याही खाली. हाच पुरावा. पुढे रक्तावरून जनुकाची तपासणी.

माहेरचं म्हणाल, तर बहुतेक मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईबापांत नसतो. सुनेला बोल लावायची हौस तेवढी जुनी.

गोळ्या? स्वतःहून बंद केल्या तर फिट थांबता थांबत नाही अशी वेळ येऊ शकते. आणि फिट चालू असताना तोंडात ग्लुकोज काय, पाण्याचा थेंबही नको.

उपाशीपोटी झटके जास्त, खाल्ल्यावर कमी, डोळे अचानक भिरभिरतात, चालताना झोक जातो, असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. ‘ग्लुकोज पाजल्यावर बरं वाटतं’ हेही तिथे जरूर सांगा.