वासना उरली म्हणजे तारण हुकलं?

गेले काही दिवस ख्रिस्ती ग्रुपांमधून एक मजकूर फिरतोय. सार असं (नवा जन्म म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावर मिळणारं नवं जीवन, तारण म्हणजे पापापासून सुटका): "खरा नवा जन्म झालेल्या माणसाच्या मनात जुन्या वासना येतच नाहीत. येत असतील तर तुमचं तारण झालेलंच नाही." पुराव्याला दोन वचनं, रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाबद्दल एक खुलासा, संतांचे दाखले आणि शेवटी हमी, की मनापासून प्रार्थना केली तर एका क्षणात सुटका होते. खाली 'आमेन'ची रांग.

मी गप्प बसलो असतो. पण ओळखीतल्या एका तरुणाने तो मजकूर रात्री पाऊण वाजता मला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे माझ्याबद्दलच आहे ना?" आदल्याच रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीचं, ताट त्याच्यापाशी आलं, तेव्हा भाकर न घेता त्याने ते शेजारच्याच्या हातात दिलेलं मी पाहिलं होतं. म्हणून हे उत्तर.

पहिलं वचन २ करिंथ ५:१७, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं. "जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे." वचन खरं आहे, पण मजकूर लिहिणाऱ्याने पुढची दोन पानं उलटली नाहीत. त्याच पत्रात ७:१ मध्ये पौल त्याच लोकांना म्हणतो, देहाच्या आणि आत्म्याच्या सगळ्या अशुद्धतेपासून आपण स्वतःला शुद्ध करू या. 'तुम्ही करा' नाही, 'आपण करू'. सगळं जुनं त्या दिवशीच धुऊन निघालं असतं, तर हे शुद्ध करणं कशाचं? कलस्सैकरांना तर तो आधी सांगतो, तुम्ही मेलेले आहात, आणि दोनच वचनांनंतर कुवासना, लोभ यांना जिवे मारा म्हणतो. जे उरलेलंच नाही ते मारायला कोण सांगेल?

दुसरं वचन १ योहान ३:९, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. यात एक गंमत आहे. हा मजकूर वासनेबद्दल बोलतो आणि वचन पाप करण्याबद्दल. मनात ओढ उठणं आणि तिच्यामागे जाणं यांत याकोब आपल्या पत्रात स्पष्ट अंतर ठेवतो: वासना गर्भवती होते, मग पापाला जन्म देते. शिवाय योहानानेच त्याच पत्रात १:८ मध्ये लिहिलंय, की आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो. लगेच पुढच्या अध्यायात तो सांगतो, कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. आरोपच नसेल त्याला कैवारी कशाला?

रोमकरांस ७ च्या बाबतीत मात्र मी जरा हात आखडता घेतो. "किती मी कष्टी माणूस!" हा आक्रोश विश्वास ठेवण्याआधीच्या माणसाचा आहे, असं मजकूर म्हणतो. तसं वाचणारे पूर्वीपासून आहेत आणि ते काही अडाणी नव्हते. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिनसुद्धा आधी तसंच मानत होता. माणूस स्वतःच्या बळावर पापापासून दूर राहू शकतो, या पेलागियसच्या मताशी झुंज सुरू झाल्यावर, उतारवयात, त्याचं मत फिरलं. हा वाद इथे मिटणार नाही, आणि मिटवायची गरजही नाही. गलतीकर ५:१७ विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून आहे, आणि तिथे देहवासना आत्म्याविरुद्ध, आत्मा देहवासनेविरुद्ध असा उभा झगडा आहे. ज्याच्यात पवित्र आत्मा नाही, त्याच्यात ही लढाई लागेलच कशी? दुसरी बाजूच हजर नाही.

आता संत. "खऱ्या संतांना हे कधी छळलं नाही" हे वाक्य वाचून मला हसूच आलं. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने ३८४ मध्ये एका तरुण स्त्रीला लिहिलेल्या पत्रात आपल्या वाळवंटातल्या दिवसांचं वर्णन केलंय. सोबतीला विंचू आणि जंगली श्वापदं, उपासाने चेहरा पांढराफटक, अंग गार, आणि मन? मन रोमच्या नाचणाऱ्या मुलींमध्ये. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा ३८७ चा. त्यानंतर दहाएक वर्षांनी, बिशप असताना, तो आपल्या 'कबुली' (कन्फेशन्स) या पुस्तकात स्वप्नांबद्दल लिहितो, खाण्याच्या मोहाबद्दल लिहितो. घरात बसलेलं असताना पाल माशा पकडते ते बघण्यात लक्ष कसं अडकतं, तेसुद्धा लिहितो. इतक्या बारीक जागी स्वतःला पकडणाऱ्या माणसाचा नवा जन्म झाला नव्हता म्हणायचं का?

चर्चचं शिक्षणही हेच. सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं बहुतेक गोष्टींवरून वाजलं. बाप्तिस्म्यानंतर उरलेल्या वासनेला 'पाप' म्हणायचं की नाही, यावरही वाजलं. १५४६ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की ते नेमक्या अर्थाने पाप नव्हे. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या बाजूचे म्हणत, पापच आहे. पण ती उरते, याबद्दल दोघांचंही दुमत नव्हतं. मजकूरवाल्याचा दावा नवाही नाही. अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथाचा पुढारी झिंझेनडॉर्फ आणि त्याच्या मंडळींकडून असंच काहीसं शिकवलं जात होतं, आणि १७६३ मध्ये त्याविरुद्ध प्रवचन लिहिलं ते मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने. तोच वेस्ली, जो याच जन्मी प्रीतीत परिपूर्ण होता येतं असं आयुष्यभर सांगत होता! त्यालाही हे पटलं नाही.

उलट, झगडा नसणं हेच कधीकधी भयंकर असतं. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात देवाकडे वळला. शिव्याशाप देणं सुटलं. पुढे जहाजाचा कप्तान झाल्यावर तो रविवारी खलाशांची उपासना घेई, आणि खाली तळघरात साखळ्यांनी जखडलेले आफ्रिकन गुलाम असत. हा धंदा १७५४ पर्यंत चालला, आणि थांबला तो आजारपणामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. जाहीर कबुली आली १७८८ मध्ये. त्या धंद्यापुरती त्याच्या मनात लढाई नव्हती, कारण पाप दिसतच नव्हतं. मजकुराच्या कसोटीला या बाबतीत तो पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला असता.

राहिली 'एका क्षणात सुटका'. काहींची होते, हे मी नाकारत नाही. एका रात्रीत दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत. पण त्यांची साक्ष म्हणजे सगळ्यांसाठी नियम नव्हे. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. मिसरच्या वाळवंटातल्या अम्मा साराबद्दल सांगतात, की कामवासनेशी ती तेरा वर्षं झुंजली आणि लढाई थांबव असं तिने कधी मागितलं नाही. देवा, बळ दे, एवढंच मागितलं.

हे वाचून कुणी म्हणेल, चला, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मग चालू द्या. तसंही नाही. रोमकरांस ६ मध्ये पौल म्हणतो, पापाने तुमच्यावर राज्य करू नये. घरात असणं आणि गादीवर असणं यांत फरक आहे. आणि १३:१४ मध्ये त्याने फार व्यवहारी शब्द वापरलाय: देहवासनेसाठी 'तरतूद' करू नका.

त्या तरुणाला मी फोनवर हाच शब्द वाचून दाखवला. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, तिचा नंबर 'प्लंबर' या नावाने सेव्ह आहे. लग्नाआधीपासून. प्रार्थना रोज करतो, उपास करतो, पण नंबर तिथेच. मी म्हटलं, आत्ता काढ, मी थांबतो. पलीकडून काही सेकंद नुसता श्वास ऐकू आला.

"काढला," तो म्हणाला. "पण पाठ आहे."

"असू दे," मी म्हटलं. "रविवारी भाकर घे."