अजून प्लेटा कशाले? आहेत त्या तर वापरा

भाऊ हो, आपल्या कबड्डी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं, सामन्यांच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात अजून २ किलोवॅटच्या सोलर प्लेटा लावू म्हणतात. माझा विरोध आहे. काहून आहे ते इथंच लिहितो, ग्रुपवर लिहिलं की मधातच कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकते अन् विषय संपते.

हिशेब पहा. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाले साधारण ४ युनिट देते, म्हणजे आपल्या शेडवर आहेत त्या ३ किलोवॅटचे १२ धरा, पावसाळ्यात कमी. फ्लडलाइट ८, एलईडी, २०० वॅटचे. पोट्टे ७ ते १० कबड्डी खेळले तरी ५ युनिटच्या आत काम होते. मग कमी काय पडून राहिलं? वीज बनते दिवसा, अन् दिवसा आपल्या शेडले कुलूप राहते.

नेट मीटर आहे ना, दिवसाची जमा होते अन् रात्री कामी येते, असं म्हणाल. बरोबर आहे. पण मार्चअखेर जे युनिट उरतात त्याचा आपल्याले भेटणारा दर आपण भरतो त्याच्यापेक्षा बराच कमी, अन् स्थिर आकार तर एक युनिट नाही जाळलं तरी भराच. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची ७८ हजारांपर्यंतची सबसिडी घरासाठी आहे, मंडळाले ती भेटत नाही. मग आपल्या खिशातून प्लेटा लावायच्या अन् वीज स्वस्तात देऊन टाकायची, कोणाच्या भल्यासाठी?

अन् ज्यासाठी ओरड आहे ते दुखणं तर वेगळंच आहे. सामना रंगात आला की लाईन जाते. त्याले प्लेटा दुप्पट केल्या तरी फरक पडत नाही, कारण आपला इन्व्हर्टर ग्रिडवर चालणारा आहे, लाईन गेली की भर दुपारी पण बंद पडते. पोलवर चढलेल्या लाईनमनले शॉक बसू नये म्हणून तसं ठेवावंच लागते, बिघाड नाही तो. बसवणाऱ्यानं हे तेव्हाच सांगायले पाहिजे होतं, असो. पैसे लावायचेच तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन गेली तरी बॅटरीवर चालणारा, अन् छोटी लिथियम बॅटरी घ्या, अर्धे लाइट चालले तरी सामना पूर्ण होते.

आता दिवसाची वीज. गावातले किती पोट्टे-पोरी पोलीस भरतीची तयारी करून राहिले ते सगळ्याईले माहीत आहे. सकाळी आपल्याच ग्राउंडवर पोट्टे १६०० मीटर अन् पोरी ८०० मीटर मारतात, गोळा फेकतात, मैदानीचे मार्क ५० अन् लेखीचे १००, अन् लेखीचा अभ्यास कुठे? टिनाखाली, पंखा बंद. शेड १० ते ५ उघडा, दोन कूलर अन् पंखे लावा, झाली अभ्यासिका, वीज आपल्या डोक्यावरच बनून राहिली. आरओ दुपारीच चालवून टाकी भरून ठेवा. ग्राउंडवर पाणी मारायची बोअरची मोटर ११-१२ वाजता लावा, संध्याकाळी अख्ख्या गावाचा लोड असते तेव्हा कशाले?

एक गोष्ट कोणी मनावरच घेत नाही, धुणं. कापसाच्या गाड्या अन् ग्राउंडची धूळ, प्लेटा पिवळ्या दिसतात. पण बोअरचं पाणी मारू नका बाप्पा, आपला खारपाणपट्टा आहे, पाणी सुकलं की काचेवर पांढरी खार बसते अन् मग घासून पण निघत नाही. नळाचं पाणी घ्या, सकाळी उन्हाच्या आधी, तापल्या काचेवर थंड पाणी मारलं तर तडकू शकते. अन् मे महिन्यात युनिट कमी दिसले तर घाबरू नका, ४५ डिग्रीत प्लेट ६५ च्या वर जाते अन् दर डिग्रीले ०.४ टक्क्याच्या आसपास पावर घटते. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं नसते.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी अभ्यासिकेचाच विषय मांडणार आहे. पैशाचं पाहू, खरा वाद चावीचा होणार हे आत्ताच सांगतो. माझं म्हणणं, चावी पदाधिकाऱ्याईजवळ नको, भरतीच्या पोरा-पोरीईजवळच द्या, बसणार तेच आहेत. ज्याले पटत नाही त्यानं इथंच कमेंटमध्ये सांगा, पानठेल्यावर नाही.