टाकी उन्हाने फुटत नाही, पण उघडे झाकण घर पेटवू शकते

ऊन तापू लागले की विदर्भातल्या व्हॉट्सअॅप गटांवर दरवर्षी तोच संदेश फिरू लागतो. तो इंडियन ऑइलच्या नावाने असतो. तापमान वाढणार असल्याने गाडीची इंधनाची टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होऊ शकतो. अर्धीच टाकी भरा आणि हवेला जागा ठेवा. याच आठवड्यात पूर्ण भरलेल्या टाक्यांमुळे 5 स्फोट झाले आहेत. आणि दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर जाऊ द्या, असे त्यात लिहिलेले असते. यंदा तो दारव्हा तालुक्यातल्या माझ्या मामाजींपर्यंत पोहोचला. घरात माणसे दहा, त्यामुळे त्यांच्याकडे सात आसनी पेट्रोल गाडी आहे. संदेश वाचल्यापासून त्यांनी रोज ती अंगणातल्या निंबाखाली उभी करून टाकीचे झाकण काढून ठेवायला सुरुवात केली. मी गेलो तेव्हा झाकण त्याच्या पट्टीला लोंबकळत होते, भरण्याच्या तोंडाशी हवा थरथरताना डोळ्यांना दिसत होती आणि तिथून आठ-दहा पावलांवर मामीजींनी मांडलेल्या चुलीवर कुरड्यांचा चीक शिजत होता.

म्हणून आधी या शेवटच्या सूचनेबद्दलच बोलतो, कारण बाकीच्या चुकीच्या आहेत आणि ही जीवघेणी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरत जाते आणि जिथे ठिणगी, विडी किंवा चूल सापडेल तिथे पेट घेऊन उलट टाकीकडे येऊ शकते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच ती पेटते. उन्हाळ्यात बंद टाकीतल्या पेट्रोलवर साचलेली वाफ या मर्यादेच्या कितीतरी पट दाट असते आणि तिथे जळायला पुरेशी हवाच नसते, त्यामुळे टाकी बंद असते तोवर ती पेटत नाही. झाकण उघडले की वाफ बाहेर येते, हवेत मिसळते आणि गाडीभोवती नेमक्या पेटण्याजोग्या प्रमाणापर्यंत विरळ होते. ज्या स्फोटाला घाबरून हा माणूस झाकण उघडतो, त्या स्फोटाची तयारी तो स्वतःच्या अंगणात, घरच्या लेकरांच्या मध्ये करत असतो.

शिवाय तो गॅस कोंडून राहत असल्याची कल्पनाही चुकीची आहे. आजच्या पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. गॅरेजमध्ये त्याला कॅनिस्टर म्हणतात. तिथला कोळसा ती वाफ शोषून धरतो आणि इंजिन चालू झाले की ती इंजिनात ओढली जाऊन जळते. गाडी बनवणाऱ्याने वाफेची वाट आधीच काढून दिलेली आहे. डिझेलची वाफ मुळात फार कमी होते, त्यामुळे डिझेल गाडीचे झाकण उघडून काहीच साधत नाही. उलट वैशाखातली धूळ आत जाते आणि तिचा भार फिल्टरवर व इंजेक्टरवर पडतो.

आता स्फोटाचे बोलू. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला साधारण 250 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तेव्हाही शहरातल्या टाक्या फुटल्या नाहीत. पेट्रोल उष्णतेने फुगते हे खरे, पण किती फुगते ते पाहा. 45 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापले तर एक लिटरपेक्षाही कमी वाढते, आणि तेवढी जागा टाकी पूर्ण भरल्यावरही वरच्या बाजूला राहील अशीच तिची बांधणी असते.

ज्या कंपनीच्या नावावर हा संदेश फिरतो, तिने स्वतः 2019 मध्ये जाहीर खुलासा केला आहे. वाहन उत्पादक बाहेरचे तापमान आणि सुरक्षिततेची जादा मर्यादा धरूनच टाकीची कमाल क्षमता ठरवतात, त्यामुळे उन्हाळा असो वा हिवाळा, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत इंधन भरणे पूर्णपणे सुरक्षित आहे, असे इंडियन ऑइलने त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे मामाजींना वाचून दाखवले तेव्हा ‘कंपनी आपला माल खपवायला काहीबी म्हणन’ असे उत्तर मिळाले. मग त्याच कंपनीच्या नावाचा इशारा का मानला, हे त्यांना विचारावे लागले. राहिले ते ‘या आठवड्यातले’ 5 स्फोट. त्यांना गाव नाही, तारीख नाही, आणि संदेश कोणत्याही वर्षी येवो, आकडा पाचच राहतो. एवढ्यावरून त्याची किंमत कळावी.

अर्ध्या टाकीच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करत नाही. टाकी जितकी रिकामी, तितकी वाफेला जागा जास्त, त्यामुळे अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा सुरक्षित ठरत नाही. त्यातून होणारा अनर्थ वेगळाच आहे. धारणीहून अमरावती सुमारे 150 किलोमीटर आहे. अशा आडगावांत रात्री-बेरात्री दवाखान्याची गरज पडेल म्हणून लोक टाकीत न भरलेले इंधन प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून घरात, कधी कधी कापसाच्या गंजीशेजारी ठेवतात. ते टाकीतच असायला हवे होते.

या संदेशात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पंपावर नोजल आपोआप बंद झाल्यानंतर रुपयांचा आकडा गोल करण्यासाठी पुन्हा पुन्हा दाबून काठापर्यंत भरू नये. वाफेसाठी राखलेली जागा त्याने भरते, पेट्रोल थेट कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा खराब होतो, आणि गाडी उतारावर उभी असेल तर झाकणापाशी गळते. मात्र हा नियम थंडीतही तेवढाच लागू आहे.

टाकीची खरी चिंता करायचीच असेल, तर ती टाकीच्या नळ्यांची करावी. सात-आठ आसनी गाड्यांत भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत बरेचदा लांब पाइप, म्हणजे फिलर पाइप, आणि सोबत हवा परत येण्याची बारीक नळी, म्हणजे ब्रीदर, असते. आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर तिचे तोंड चिखलाने बुजते. कुंभारमाशी तिथे घर करते. मग नोजल दर अर्ध्या लिटरला बंद पडते, इंधन उलटे उसळते, आणि लोक पंपवाल्याशी भांडत बसतात. जुन्या गाडीत मोठ्या पाइपाचा रबरी भाग कडक होऊन क्लिपजवळ चिरतो, आणि टाकी भरल्यावरच मागच्या सीटवर वास येतो. टाकीला खरा धोका असतो तो गळतीचा आणि धडकेचा. मागच्या आसाच्या (अॅक्सलच्या) मागे टाकी असलेल्या जुन्या जीप गाड्या मागून धडक बसल्यावर पेटत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत 2013 मध्ये कंपनीला अशा सुमारे 15 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि त्या प्रकरणात उन्हाचा काही संबंध नव्हता.

म्हणून टाकी भरल्यावर गाडीत वास येत असेल, खाली थेंब दिसत असतील किंवा नोजल सारखे बंद पडत असेल, तर गाडी उचलून फिलर पाइप, ब्रीदर आणि दोन्ही क्लिपा मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात, आणि काम होईपर्यंत ती चुलीपासून व कापसापासून दूर, झाकण घट्ट लावून उभी करावी.