जोन बेनॉइटचं सुवर्ण कुणी सोडून दिलेलं नव्हतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

१९८४ला लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या पहिल्या महिला ऑलिंपिक मॅरेथॉनवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत : बाकीच्यांनी अमेरिकेच्या जोन बेनॉइटला पुढे जाऊ दिलं म्हणून ती जिंकली, सोव्हिएत गटाच्या बहिष्कारामुळे लढतच उरली नव्हती, आणि ‘शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत मॅरेथॉन’ ही पत्रकारांनी फुगवलेली कथा आहे.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे तारखाच बोलतात. १७ मार्च १९८४ला २० मैलांच्या सरावात तिचा उजवा गुडघा अडकला. कॉर्टिसोनच्या इंजेक्शनवर काही दिवस निभावलं, मग दुखणं पुन्हा उपटलं. २५ एप्रिलला ओरेगॉनमधल्या यूजीनला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि १२ मे रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरात ऑलिंपिक मॅरेथॉनची निवड चाचणी होती. मोजून पाहा, १७ दिवसच होतात.

हे शक्य कसं झालं? तिच्या गुडघ्यात अडत होती ती प्लायका, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची घडी. ती जाड झाली की गुडघा वाकताना मध्ये येते आणि प्रत्येक पावलाला घासते. डॉक्टरांनी ती काढून टाकली. लिगामेंट शिवायचं नव्हतं, हाड जुळायचं नव्हतं, त्यामुळे भरून यायला महिने लागतील असं आत काही नव्हतं. वर्षानुवर्षं कमावलेला दमही दोन-तीन आठवड्यांत संपत नाही, थोडा उतरतो. घोटाळा झाला तो वेगळ्याच जागी. उजव्या पायाला जपताना भार डाव्यावर पडला आणि डाव्या मांडीमागचा हॅमस्ट्रिंग ताणला गेला. तशा पायाने ती २:३१:०४ धावली आणि पहिली आली. आदल्या वर्षी बोस्टनला तिनेच २:२२:४३ असा जागतिक विक्रम केला होता. ही आठ मिनिटांची घसरण पाहिल्यावर कथा फुगवलेली वाटत नाही. (हौशी धावपटूंनी मात्र हे वेळापत्रक कृपा करून उचलू नये.)

बहिष्काराचा मुद्दा इतर अनेक शर्यतींना लागू पडतो, या शर्यतीला नाही. बोस्टनच्या विक्रमाची मालकीण स्वतः बेनॉइट, १९८४च्याच मे महिन्यात लंडनला २:२४:२६ धावलेली नॉर्वेची इनग्रिड क्रिस्टियनसन आणि १९८३ची जगज्जेती, नॉर्वेचीच ग्रेटे वाइट्झ, तिघीही ५ ऑगस्टला सांता मोनिकाच्या आरंभरेषेवर उभ्या होत्या. पोर्तुगालची रोझा मोटाही होती. याहून तगडी लढत तेव्हा कुठे मिळणार होती?

आता ‘जाऊ दिलं’. सुमारे ५ किलोमीटरवर घोळका संथ चालला होता आणि बेनॉइटला आपली लांब ढांग आखडती घ्यावी लागत होती. पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी गर्दी झाली. तिने पाणी सोडलं, कडेने निघाली आणि मोकळी झाली. मागच्यांचा हिशेब होता की उकाड्यात ही ३० किलोमीटरपुढे ढेपाळेल. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, कारण बोस्टनला तिने पहिला अर्धा भाग १:०८:२३मध्ये काढला होता आणि दुसऱ्याला १:१४:२० लागली होती. पण लॉस एंजेलिसला तिने तो वेग धरलाच नाही. २:२४:५२ म्हणजे किलोमीटरला सरासरी ३ मिनिटं २६ सेकंद. बोस्टनला हीच सरासरी ३:२३ होती. स्वतःच्या कुवतीच्या किंचित आत राहून, ऊन चढायच्या आधी तिने अंतर कापून घेतलं. पुढे मोकळ्या फ्रीवेवर ती एकटीच धावत होती, वेग ठरवायला सोबत कुणी नाही. वाइट्झ १ मिनिट २६ सेकंदांनी मागे राहिली, मोटा आणखी ३९ सेकंदांनी.

माझ्या मते सगळ्यात ठोस उत्तर २० ऑक्टोबर १९८५च्या शिकागोत आहे. क्रिस्टियनसन एप्रिलमध्ये २:२१:०६चा जागतिक विक्रम करून आली होती आणि तिथे बेनॉइटला कुणी मोकळं सोडलं नाही. दोघी बराच काळ खांद्याला खांदा लावून धावल्या. बेनॉइट २:२१:२१मध्ये जिंकली, क्रिस्टियनसन २:२३:०५ आणि मोटा २:२३:२९. अमेरिकेचा तो विक्रम २००३पर्यंत टिकला; दीना कॅस्टरने तो अवघ्या ५ सेकंदांनी मोडला.

‘त्यानंतर ती संपली’ असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. दुखापतींनी तिची पुढची वर्षं खाल्ली, हे खरं. पण २००८च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ५०व्या वर्षी ती २:४९:०८ धावली. २०१९ला, बोस्टनच्या पहिल्या विजयाला ४० वर्षं झाली म्हणून, तेव्हाच्या वेळेपासून ४० मिनिटांच्या आत संपवायचं तिने ठरवलं होतं. १९७९ची वेळ २:३५:१५. ६१व्या वर्षी ती ३:०४ला पोहोचली.